उचलेल तेवढंच आपलं

साधेपणाचं फार कौतुक असणाऱ्यांनी एकदा साध्या माणसाच्या बायकोला भेटून यावं. मी चार वर्षं रोज भेटत होते, म्हणून बोलते. नाहीतर मला काय, मी ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक-ऑफिसात दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म तपासणारी बाई. अध्यात्म माझा प्रांत नाही, आणि शिफ्ट संपल्यावर तर माझा कुठलाच प्रांत उरत नाही.

तेव्हा आम्ही नवरा-बायको कोपरखैरण्याला भाड्यानं राहायचो. एकमेकांना चिकटलेली घरं, ज्याला जसं जमलं तसा त्यानं वर मजला चढवलेला. खाली घरमालक आणि त्यांची बायको, वर आम्ही. त्यांचा एकुलता मुलगा पुण्याला. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘मालक’ म्हटलं, तर म्हातारा माझ्यावर खेकसलाच. “मालक कशाचा? ह्या घराचा? हे घर मला उचलतंय का? न्हाई ना? मग मालक म्हनू नगं.” मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा टेम्पोवाल्याशी घासाघीस करत होता. मग मी गल्लीतले सगळे म्हणायचे तसं ‘आबा’ म्हणायला लागले, आणि त्यांच्या बायकोला ‘काकी’. आबांची बायको काकी कशी, ते काही मला विचारू नका, तोंडात बसलं ते बसलं.

आबा मूळचे साताऱ्याकडचे. मार्केटात जन्मभर माथाडी, म्हणजे कांद्या-बटाट्याच्या गोणी पाठीवरून वाहणारे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, सत्तरी उलटली होती, तरी आमचं सामान त्यांनी कोणाला उचलू दिलं नाही. मानेवर जुना टॉवेल टाकला, खाली वाकले आणि एकेक खोकं जिन्यावरून वर. प्रत्येक खोकं ठेवताना आत काय आहे ते सांगत होते. “ह्येच्यात पुस्तकं. ह्येच्यात काचंचं कायतरी, नीट लावलं न्हाई तू. ह्येच्यात काय बी न्हाई, नुसती हवा.” त्यात माझ्या उशा होत्या. गोण पाठीला लागली की आत काय ते पाठीला कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते कधी चुकल्याचं मी तरी पाहिलं नाही. सगळं चढवून झाल्यावर कठड्याला टेकून त्यांनी निकाल दिला, “दोन मानसांना तीन क्विंटल! लई झालं, पोरी.”

डिपॉझिट मात्र घेतलं नाही. दुसऱ्याचं ओझं कशाला सांभाळू, म्हणाले. गल्लीतले बाकीचे घरमालक त्यावरून त्यांच्यावर चिडून होते.

आबांचा सगळा धर्म एका नियमात बसायचा. आपल्याला एकट्याला उचलून जिना उतरता येईल तेवढंच आपलं, बाकीच्याचे आपण फुकटचे राखणदार. पोथी नाही, माळ नाही, महाराज नाही. देवळात जायचे, हात जोडायचे आणि लगेच बाहेर. मी एकदा विचारलं, “आबा, एवढ्यात झालं? काही मागितलं नाहीत?”

“मागितलं की त्येला उचलावं लागतं,” आबा म्हणाले. “देव म्हंजे तरी कोन? हमालच. सगळ्या जगाचं वझं त्येच्या एकट्याच्या डोक्यावर. त्यात आनि माझं कशाला?”

खरं सांगते, त्या वेळी मला हे फार आवडलं होतं. डोक्यात आमचं फ्लॅटचं चाललेलं, लोन मिळेल का, किती मिळेल, हे टेन्शन. त्यात हा माणूस दोन पायजमे, दोन सदरे आणि एक घोंगडी यावर ढेकर देऊन बसलेला. ऑफिसात मी सगळ्यांना त्यांच्या गोष्टी सांगायचे. डबा खाताना सगळ्या ‘वॉव’ म्हणायच्या. मलाही थोडं पुण्य लागल्यासारखं वाटायचं.

पुण्याच्या मुलानं एकदा आईसाठी फ्रिज पाठवला. तिसऱ्या दिवशी आबांनी तो पाठीवर घेतला आणि कोपऱ्यावरच्या घरी नेऊन ठेवला. त्या घरातल्या बाईला रोज इन्सुलिन लागायचं आणि ते ती माठाच्या तळाशी ठेवायची. आता यावर काय बोलणार? गोष्ट चांगलीच होती. वाईट एवढंच की आबांच्या सगळ्याच गोष्टी चांगल्या असायच्या, भांडायला कुठं जागाच नाही. काकी दूध माझ्या फ्रिजमध्ये ठेवायला लागल्या. रोज सकाळी भिंतीला धरून, एकेका पायरीवर थांबत वर यायच्या, कारण त्यांचे गुडघे गेले होते.

पैशाचंही तेच. भाड्याचे पैसे दाराजवळच्या फळीवर एका वाटीखाली उघडे पडलेले असायचे. ज्याला नड असेल त्यानं न्यावेत. लोक न्यायचेही, आणि महिनाअखेर काकी माझ्याकडं वाटीभर साखर मागायला यायच्या. गल्लीतली एक बाई माझ्यासमोरच काकींना म्हणाली, “नशीब काढलंत हो, असा साधू पुरुष मिळाला.” काकींनी पदरानं तोंड पुसलं. “हायतच साधू,” म्हणाल्या, “पन साधूला बायको नसती.”

आबा असे का झाले, ते त्यांनी माझ्या नवऱ्याला एका दुपारी पायरीवर बसून सांगितलं होतं. मी कपडे वाळत घालत होते, मला ऐकू येत होतं. त्यांचा एक जोडीदार होता, त्यांच्याच गावचा. दोघं बरोबर मुंबईला आले, बरोबर गोणी वाहिल्या. एक दिवस कांद्याची थप्पी, म्हणजे गोण्यांवर गोण्या रचलेली रास, त्याच्या अंगावर आली. बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. “मानूस कांद्याखाली मेला,” आबा म्हणाले, “आनि कांद्याला काय बी झालं न्हाई बग. दुसऱ्या दिशी त्योच कांदा इकला गेला. लोकांनी खाल्ला. तवापासनं मला कुठं काय रचून ठेवल्यालं बघवत न्हाई.”  माझ्या नवऱ्यानं त्यांना चहा घेता का विचारलं.

म्हणून म्हणते, माणूस ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर सोपं गेलं असतं.

आता दसऱ्याचं सांगते. घट बसायच्या आधी सगळं घर बाहेर काढायचं, भांडीकुंडी घासायची, गोधड्या धुवायच्या, भिंती पुसायच्या आणि पुन्हा सगळं आत लावायचं. याला त्यांच्याकडं ‘दसरा काढणं’ म्हणतात. आमच्या गल्लीत बहुतेक सातारकडचीच माणसं, त्यामुळं त्या आठवड्यात चालायला वाट नसायची, जिकडं तिकडं पिंपं आणि ओल्या गोधड्या. आबांनी यात स्वतःचा नियम घुसवला होता. बाहेर काढताना वाटेल त्यानं मदत करावी. आत नेताना मात्र ज्याची वस्तू त्यानंच उचलायची, एकट्यानं. दिवेलागणीपर्यंत जे बाहेर राहील ते ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जावं. पाच वाजले की मागच्या दोन गल्ल्यांतली माणसं सहज फिरायला आल्यासारखी आमच्या दारात घुटमळायला लागायची.

आबांचं काय, एका खेपेत सगळं आत. हात झटकून ओट्यावर बसायचे. संसार काकींचा आणि गुडघेही काकींचे. मी आले त्या वर्षी पाटा-वरवंटा गेला. पुढच्या वर्षी मोठी परात आणि जाड गोधड्यांची वळकटी. तिसऱ्या वर्षी काकी भरलेला सिलिंडर सरकवत सरकवत उंबऱ्यापर्यंत घेऊन आल्या, तो त्यांना उंबऱ्यावर चढवता येईना. दिवेलागण झाली. आबांनी स्वतः तो उचलून मागच्या गल्लीतल्या एका जोडप्याला दिला. मी जिन्यात उभी होते. मी मदतीला खाली उतरले तर काकींनीच मला हातानं थांबवलं. मग दोन दिवस दोघांचं जेवण माझ्याकडून गेलं. आबा जेवून तृप्त. “बगितलंस? गॅस न्हाई तरी भागलं का न्हाई?”

“भागलं की,” काकी म्हणाल्या. “हिचा जळला.”

आबा मोठ्यांदा हसले. त्यांना वाटलं, बायकोनं विनोद केला. माझ्या तेव्हा लक्षात आलं की हा नियम बनवणाऱ्या माणसाला आयुष्यात कधी काही जड गेलेलंच नाही. पन्नास किलो पाठीवर घेऊन पळणाऱ्या माणसाचा नियम तो. तोच नियम गुडघे गेलेल्या बाईला लावला, की तिच्या हातात दरवर्षी थोडं थोडं कमीच राहणार. लक्षात आलं, पण मी बोलले नाही. भाडेकरू होते, डिपॉझिटही दिलेलं नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, दमलेली असायचे. दुसऱ्याच्या संसारात तोंड घालायलासुद्धा अंगात ताकद लागते.

माझा वाटा वेगळाच होता. मी राहायला आले त्या पहिल्याच वर्षी, दसरा काढायच्या आदल्या दिवशी काकी वर आल्या होत्या. “ह्ये भायेर गेल्यात. माझ्या खाटंखाली एक पत्र्याची पेटी हाय. वर आनशील?” मी आणि नवऱ्यानं मिळून ती आणली, आमच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढवली, पुढं दोन चादरी लावल्या. काकी खाली मान घालून हसल्या. “तुमी उचलली म्हंजे नियमानं तुमचीच झाली. सांभाळा.”

माझी सुट्टी तेव्हा मंगळवारी असायची. आबा मंगळवारी दुपारी जुन्या जोडीदारांना भेटायला मार्केटात जायचे. तेवढ्यात काकी वर यायच्या, मी पेटी खाली काढायचे आणि त्या एकेक वस्तू बाहेर काढून मांडीवर घ्यायच्या. सगळ्यात आधी पितळेची घागर. त्यांच्या आईची, त्यांच्या लग्नात आलेली. मग दोन लुगडी. समईची जोडी. झाकणाचे डबे. हळदीकुंकवाच्या सोडतीत लागलेला डिनर सेट, त्याचा एकही बाऊल कधी वापरला नाही. आणि तळाशी खोक्यात मिक्सर. तो त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतला होता. हॉटेलवाल्यांना लसूण सोलून द्यायचं काम मिळायचं, त्यातून. बोटांची सालं निघाली होती तेव्हा, असं सांगायच्या. मिक्सर एकदाही लावला नव्हता. खाली नेला असता तर चार दिवसांत कोणाच्या तरी लग्नाला गेला असता.

मी एकदा म्हटलं, “काकी, इथंच लावा ना. माझ्या ओट्यावर वाटा चटणी.”

“वापरायचा न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “माझा म्हनून हाय, येवढं बगून घेत्ये.” मग सगळं होतं तसं परत ठेवायच्या. घागर पदरानं पुसून. आबांचा देव हमाल होता, काकींचा देव त्या पेटीत होता, आणि राखण माझ्याकडं होती.

चार वर्षांनी आमचं लोन झालं आणि आम्ही कामोठ्याला फ्लॅट घेतला. पेढे दिले तर आबा विचारतात, “किती किलोचा हाय?” मी हसले. पहिला हप्ता गेल्यावर हसायची बंद झाले, ते आजतागायत.

निघायच्या आदल्या दिवशी मी काकींना म्हटलं, पेटी खाली नेऊन देते. त्या म्हणाल्या, “उद्या. ह्ये सकाळी देवळात जात्यात, तवा.” पण त्या सकाळी आबा देवळात गेलेच नाहीत. आमचं सामान उतरवायचा मान त्यांचा होता ना! टॉवेल मानेवर टाकून ते सातलाच जिन्यात हजर. मी स्वयंपाकघरात आधी काय लपवू नि काय काढू करतेय, तोवर माळ्यावरची पेटी त्यांच्या पाठीवर गेलीसुद्धा.

जिन्याच्या मधल्या पायरीवर आबा थांबले. पाठीवरचं ओझं त्यांनी जरा इकडं तिकडं केलं. मी वर, काकी खाली दारात.

“पितळ हाय,” आबा म्हणाले. “कापडं हायत. आनि तळाला मोटरचं कायतरी.” मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. “तुझीच ना ही?”

काकींचा चेहरा मला दिसत होता. नको म्हणत होता का हो म्हणत होता, मला अजूनही सांगता येणार नाही. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“हो,” मी म्हटलं.

“बरं,” आबा म्हणाले आणि पेटी नेऊन टेम्पोत ठेवली. काकी दारातून आत गेल्या. आम्ही निघालो तेव्हाही बाहेर आल्या नाहीत.

नव्या शिफ्टमध्ये माझी सुट्टी रविवारी आली होती. पुढच्या रविवारी पेटी परत नेऊन द्यायची, हे मी टेम्पोतच ठरवलं होतं. पुढच्या रविवारी सुतार आला. त्याच्या पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग. मग महिनाअखेरची डबल शिफ्ट, मग ताप. मी फोन केला की काकी म्हणायच्या, “सवडीनं आन.” कधी लागेल असं बोलल्या नाहीत. ती पेटी माझ्या नव्या हॉलमध्ये, नव्या सोफ्याशेजारी, सात रविवार पडून होती. कामाला येणाऱ्या बाईनं तिच्यावर टेबलक्लॉथ घातला. मला लाज वाटायची, आणि लाज वाटतेय म्हणून मी तिकडं बघायचं टाळायचे. माणूस दमला की किती हलकट होतो, ते मला त्या दिवसांत कळलं.

आठव्या रविवारी आबा दारात. कोपरखैरण्याहून एकटेच आलेले, लिफ्ट सोडून तीन मजले चढून. पाणी दिलं, ते हातात धरून बसले.

“ती गेली,” म्हणाले.

माझ्या हातातला तांब्याच पडला. तर म्हणाले, “तशी न्हाई गं. साताऱ्याला भावाकडं गेली. गावाला.”

मग तुकड्या-तुकड्यानं सगळं बाहेर आलं. त्या वर्षीचा दसरा काढला. सामान गल्लीत मांडलं. संध्याकाळी काकींनी एकही वस्तू आत नेली नाही. भांड्यांच्या शेजारी रस्त्यावरच फतकल मारून बसल्या. दिवेलागण झाली, आबा म्हणाले, ऊठ. काकी म्हणाल्या, गुडघे उठू देत नाहीत. आजूबाजूला सगळी गल्ली गोळा झालेली. आबा म्हणाले, मग काय इथंच राहतेस?

“तर म्हनती, ‘उचला मला. न्हाई उचललं तर मी बी तुमची न्हाई. नियम तुमचाच हाय.’”

“मग?”

“वाकलो की. काखंत हात घातला.” आबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “गोन असती तर उचलली असती, पोरी. ह्या वयात बी उचलली असती. पन गोन आपल्याकडं बगत न्हाई. ती बगत हुती. माझ्या हातातलं बळच गेलं.”

शेजारच्या बायकांनी धरून काकींना उठवलं.  सकाळी नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या. मुलानं फोन केला, पुण्याला ये म्हणाला, तर त्याला सांगितलं, भाकरी थापून खाईन पण कोणाच्या साधूपणाला आता पुरी पडायची नाही.

“ही पेटी तिची,” आबा टेबलक्लॉथकडं बघत म्हणाले.

“तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिशी, जिन्यात. त्या घागरीचं वजन मला ठावं न्हाई व्हय? तिच्या लग्नात मीच टांग्यातनं उतरवली हुती.”

“मग जाऊ का दिलीत, आबा?”

“मला वाटलं, आता म्हनल माझी हाय म्हनून. एकडाव तरी म्हनल.” त्यांनी पेटीवरचा टेबलक्लॉथ बाजूला सारला. “ती न्हाई म्हनली. तू बी न्हाई. आनि मी बी मुद्दामच लांब न्हेऊन ठेवली. लई शाना मी.”

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, “आबा, चार वर्षं ती बाई माझ्या माळ्यावर स्वतःची घागर चोरासारखी बघायला यायची. तुमच्या भीतीनं. हे कसलं देवाघरचं शहाणपण?” असं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.  आबा हळूच म्हणाले, “काय काय काढायची पेटीतनं? आधी काय काढायची?”

मी पेटी उघडली आणि घागर दाखवली. ती पदरानं पुसायच्या हेही सांगितलं. आबांनी टॉवेलानं घागर पुसली, दोन्ही हातांनी उचलली आणि “एकेक न्हेतो” म्हणून निघाले. मी म्हटलं टेम्पो करू, सगळं एकदम जाईल. नको म्हणाले. गॅलरीतून बघितलं तर स्टेशनाकडं न वळता कळंबोलीच्या रस्त्याला लागले. म्हटलं, म्हातारा वाट चुकला.

त्यानंतर दर रविवारी आबा यायचे. मी एक वस्तू काढून द्यायचे आणि तिची गोष्ट सांगायचे. ही लुगडी, यातलं हिरवं मुलाच्या बारशाचं. आबा म्हणायचे, “हिरवं व्हतं व्हय?” ही समई, हा डिनर सेट, सोडतीत नाव आलं तेव्हा काकी कशा लाजल्या होत्या. पन्नास वर्षांच्या संसारातल्या गोष्टी हा माणूस माझ्याकडून, भाडेकरणीकडून, पहिल्यांदा ऐकत होता. एकदा मला म्हणाले, “लसूण सोलायची ती पैशाची नड म्हनून, असं मला वाटायचं.” मी उठून चहा केला.

मला वाटत होतं, सगळं कोपरखैरण्याला जातंय. मग एका सोमवारी मी काकींना फोन लावला. विचारलं, कशा आहात, घरी कधी येणार, आबा तुमच्या वस्तू नेऊन लावतायत बरं का.

“कुठं लावत्यात?” काकी म्हणाल्या. “हितं आनत्यात. दर रविवारी सांजच्याला यष्टीनं येत्यात. भावाच्या वट्यावर वस्तू ठेवत्यात, देवळात निजत्यात नि सकाळच्या गाडीनं जात्यात.”

 कामोठ्याहून घागर घेऊन, डिनर सेट मांडीवर घेऊन, पंच्याहत्तरीचा माणूस दर आठवड्याला सातारा करत होता. कळंबोलीला एसटी मिळते, हे मला सुचलंच नव्हतं.

“काकी, तुम्ही बोलत नाही त्यांच्याशी?”

“न्हाई.”

“आत या म्हणत नाही?”

“न्हाई.” मग त्यांनीच विचारलं, “अजून काय काय ऱ्हायलंय तुझ्याकडं?”

“मिक्सर. आणि मग रिकामी पेटी.”

“म्हंजी दोन खेपा हायत अजून,” काकी म्हणाल्या. “त्या हू देत. मग बोलन.”

मिक्सर गेला. पुढच्या रविवारी आबा आले, चहा प्यायले, रिकाम्या पेटीवर हात ठेवून बसले आणि तसेच उठले. “पुढच्या येळेला न्हेतो.” पुढच्या वेळी थंडी फार आहे म्हणाले. त्याच्या पुढच्या वेळी पाठ धरली म्हणाले. त्या पेटीत हवेशिवाय काही नव्हतं, आणि आयुष्यभर गोणी वाहिलेल्या माणसाला ती उचलवत नव्हती. मी बघत होते. तिकडून काकींचा फोन, “न्हेली का गं पेटी?” इकडून आबा, “पुढच्या रविवारी.” मध्ये मी, माझी शिफ्ट आणि माझा हप्ता.

चौथ्या रविवारी मी विचारलं, “आबा, पेटी का नेत नाही?”

“ही न्हेली की संपलं,” म्हणाले. “मग तितं जायला निमित काय? आता तरी वट्यापतूर जातोय. आतनं बांगड्या वाजल्याल्या ऐकू येत्यात.”

असली कबुली त्या माणसाच्या तोंडून ऐकेन, असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि एकदा जिन्यात उभी असताना मी खोटं बोलून गप्प बसले होते, तशी पुन्हा गप्प बसायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, “आबा, काकी पेटीची वाट बघतायत. शेवटची खेप झाली की बोलेन म्हणाल्या आहेत. महिना झाला. तुम्ही नेत नाही म्हणून त्या बोलत नाहीत.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. “तिनं सांगितलं?”

“हो.”

“येड्या,” म्हणाले, कोणाला ते कळलं नाही. टॉवेल मानेवर टाकला आणि खाली वाकले. रिकामी पेटी, पण गुडघ्यावर हात टेकून उठले. मी म्हटलं, थांबा, लिफ्ट बोलावते. तोवर पहिल्या वळणाच्या खाली गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात होते. डोळे जळत होते, समोर दोनशे फॉर्म. काकींचा फोन आला. सुपरवायझर बघत होती तरी मी उचलला.

“आलं हुतं काल,” काकी म्हणाल्या. “पेटी वट्यावर ठिवली. ठिवून हुबंच. जात बी न्हाईत, बोलत बी न्हाईत.”

“मग तुम्ही काय म्हणालात, काकी?”

“काय म्हननार? म्हनलं, वट्यावर नगं. आत ठेवा.”